पाहुणीचा डबा आकाशात गेला त्याची गोष्ट

त्या दिवशी काहीही चुकणार नाही, असा बेथेल रिज कॉलेजच्या डॉ. लुव्हीनिया गॅड्सडेन यांचा ठाम विश्वास होता. तो विश्वास उत्साहाचा नव्हता, थकव्याचा होता. चुकायला लागणारी ताकदसुद्धा आपल्यात उरलेली नाही, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

अलाबामातल्या कापसाच्या जुन्या मुलखात, पाइनच्या झाडांमध्ये हे छोटं कॉलेज. गुलामगिरीतून सुटलेल्या लोकांनी आपल्या लेकरांसाठी चर्चच्या तळघरात सुरू केलेलं. आता त्याला स्वतःच्या इमारती होत्या, फुटबॉलचं मैदान होतं, आणि भौतिकशास्त्राचा विभाग होता. विभाग म्हणजे लुव्हीनियाबाई. त्या रजेवर गेल्या की विभागाला कुलूप.

बाईंनी तीन वर्षांपूर्वी वॉशिंग्टनहून अनुदान मिळवून विज्ञानाचा सगळा अभ्यासक्रम नव्यानं बांधला होता. फळ्यावरची सूत्रं कमी, हातानं करायचं काम जास्त. पोरं आता स्वतः यंत्रं जोडायची, ओढ्याचं पाणी तपासायची, भांडायची, चुकायची. पण अनुदान संपत आलं होतं. ते पुढे चालू राहिलं नाही तर भौतिकशास्त्र बंद करून त्या खोल्यांत ‘क्रीडा व्यवस्थापन’ सुरू करायचं, असं विश्वस्तांनी जवळपास ठरवलं होतं. म्हणून अनुदान खात्याच्या कॉर्डीलिया ब्रँच एप्रिलमध्ये स्वतः पाहायला येणार होत्या.

बाईंची योजना अगदी साधी होती. विद्यार्थ्यांनी बनवलेलं यंत्र मोठ्या फुग्याला बांधून आकाशात सोडायचं. ते हवेचा दाब, तापमान आणि आपली जागा सतत कळवत राहील. फुगा उंच जाऊन फुटला की पॅराशूटनं खाली उतरेल. पाहुणी बघेल, पाहुणी जाईल, आणि आपण घरी जाऊन बादलीभर गरम पाण्यात पाय सोडून बसू.

पण कॉलेजचे अध्यक्ष थॅडियस मोब्ली यांना साधं काही मानवत नसे. हा माणूस पाण्याच्या नळाचंसुद्धा उद्घाटन भाषण करून करायचा. त्यांनी विश्वस्त बोलावले, दोन पाद्री बोलावले, जुने विद्यार्थी बोलावले, बँड लावला, आणि सभागृहात भला मोठा पडदा टांगून त्यावर फुग्याचा प्रवास दाखवायचं ठरवलं.

“साहेब, इतकं कशाला?” बाई म्हणाल्या.

“डॉक्टर, लग्न आपलं आहे. मांडव आपणच घालायचा.”

“नवरी दमलीय, साहेब.”

“नवरी दमलेलीच असते,” मोब्लीसाहेब म्हणाले आणि बँडवाल्यांकडे गेले.

आता डब्याचं सांगायला हवं. यंत्राला हलकी आणि ऊब धरून ठेवणारी पेटी हवी होती. केझाया नावाची तिसऱ्या वर्षाची मुलगी या कामाची प्रमुख. ती सरळ कॉलेजच्या खानावळीत गेली आणि मिस ओझेलांकडून थर्माकोलचा एक जेवणाचा डबा मागून आणला. यंत्र आत, तार आत, वरून चंदेरी चिकटपट्टी गच्च गुंडाळलेली. काम चोख झालं.

इकडे मिस ओझेलांनी पाहुणीसाठी खास डबा भरला. तळलेली कोंबडी, मॅकरोनी, शिजवलेली पालेभाजी आणि पीचचा गोड पदार्थ. पाहुणीला विमान गाठायचं होतं, ती जेवायला थांबणार नव्हती. गाडीत रस्सा सांडू नये म्हणून मिस ओझेलांनी डब्याला पट्टी गच्च गुंडाळली. पट्टी त्यांनी केझायाकडूनच मागून आणली होती. एवढं करून डबा त्यांनी मैदानातल्या एकुलत्या एका टेबलावर, केझायाच्या डब्याशेजारी नेऊन ठेवला.

मोब्लीसाहेबांचं भाषण सुरू झालं. फुगा ढेरपोट्या सासऱ्यासारखा डुलत होता, चार पोरं त्याला दोरीनं धरून उभी होती. वारा वाढत चालला, तशी भाषणाची लांबीही वाढत चालली. “सर, आता सोडायलाच हवा,” केझाया दोनदा म्हणाली. शेवटी ब्रँचबाईंनी घड्याळ पाहिलं आणि त्या उठल्या. मोब्लीसाहेबांनी घाईघाईत टेबलावरचा डबा उचलून दोन्ही हातांनी त्यांना दिला.

“आमच्या घरचं जेवण. वाटेत खा. आमची आठवण ठेवा.”

टेबलावर उरलेला डबा केझायानं फुग्याला बांधला. तिचं लक्ष वाऱ्याकडे होतं, बाईंचं लक्ष पाहुणीच्या चेहऱ्याकडे होतं, आणि मोब्लीसाहेबांचं लक्ष कॅमेऱ्याकडे होतं. डब्याकडे कुणाचंच नव्हतं.

फुगा वर गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ब्रँचबाई मान वर करून थोडा वेळ बघत राहिल्या, मग भाड्याच्या गाडीत बसून निघून गेल्या.

सगळी मंडळी सभागृहात आली. पडद्यावर नकाशा होता, नकाशावर एक लाल ठिपका, आणि कडेला दाबाचे आणि तापमानाचे आकडे. ठिपका पूर्वेला सरकत होता.

“बघा,” मोब्लीसाहेब माइकवर म्हणाले, “आपलं यंत्र मॉन्टगोमरीकडे झेपावलंय.”

लुव्हीनियाबाई शेवटच्या रांगेत बुटांतून टाचा काढून बसल्या होत्या. त्यांना जरा विचित्र वाटलं. वारा तर उत्तरेकडे वाहत होता. शिवाय ठिपका मोठ्या रस्त्याला धरून चालला होता. रस्ता वळला की ठिपका वळायचा. हार्पर्स क्रॉसिंगच्या चौकात तो थांबला.

“थांबलं का हो?” एका पाद्रीबुवांनी विचारलं.

“तरंगतंय,” मोब्लीसाहेब म्हणाले. “घार कशी एका जागी तरंगते, तसं.”

ठिपका पुन्हा चालू लागला. त्या चौकात सिग्नल आहे, हे सभागृहातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, पण ते बोलायची कुणाची छाती झाली नाही.

केझाया उठून उभी राहिली. “सर, हे वर नाहीये.”

“पोरी, मी या डोळ्यांनी वर जाताना पाहिलं.”

“फुगा वर गेला, सर. यंत्र गेलं नाही. हवेचा दाब मैदानावर होता तेवढाच आहे. वर गेलं असतं तर दाब उतरला असता. आणि आतलं तापमान बघा, एसी लावलेल्या गाडीत असतं तसं आहे.”

“वर हवा छानच असते,” मोब्लीसाहेब म्हणाले. त्यांचं शिक्षण धर्मशास्त्रातलं होतं.

तेवढ्यात मिस ओझेला हात पुसत आत आल्या आणि बाईंच्या शेजारी बसल्या. “लुव्हीनिया, त्या वॉशिंग्टनवाल्या बाईनं डबा नेला ना गं? मांड्यांचे तुकडे वेचून घातलेत. चांगली पट्टी गुंडाळून दिलाय.”

बाईंनी डोळे मिटले. “कुठली पट्टी, ओझेला?”

“चंदेरी. केझायाकडची.”

बाईंनी टाचा पुन्हा बुटांत घातल्या. उठताना त्यांच्या गुडघ्यांनी तक्रार केली, ती त्यांनी कानाआड केली. कारण एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली होती. तारा, बॅटरी आणि लुकलुकणारा दिवा असलेला, पट्टीनं गच्च बांधलेला डबा घेऊन अनुदान देणारी बाई विमानतळाच्या तपासणीत उभी राहणार होती.

त्यांनी फोन लावला. फोन बंद. पुन्हा लावला. बंदच.

“केझाया, चल. तुझ्या फोनवर तो ठिपका दिसतो ना?”

“दिसतो, मॅडम.”

“मग तो दाखव. गाडी मी चालवते.”

बाईंची जुनी ब्यूक चढावर धापा टाकायची आणि उतारावर प्रार्थना करायला लावायची. केझाया फोनकडे बघून सांगत होती, “अजून सरळ. आता पूल ओलांडला. मॅडम, त्या फार वेगानं चालल्यात.”

“विमान चुकवायचं नसेल त्यांना.”

“आपलं अनुदान गेलं का हो, मॅडम?”

बाईंनी पुढचा ट्रक मागे टाकला. “मला खरं सांगू? गेलं तर मला झोप तरी लागेल,” त्या म्हणाल्या. मग त्यांना शेजारी बसलेल्या मुलीचा चेहरा दिसला आणि त्या स्वतःवरच चिडल्या. “मनावर घेऊ नकोस. म्हातारं माणूस गाडी चालवताना काहीही बोलतं. ठिपका बघ.”

“थांबलाय, मॅडम. विमानतळाच्या अलीकडच्या पेट्रोल पंपावर.”

पंपाच्या कडेला उकडलेल्या शेंगांची एक टपरी होती आणि लाकडी टेबलं होती. एका टेबलावर डबा उघडा पडला होता, दिवा लुकलुकत होता. ब्रँचबाई त्याच्यापासून बऱ्याच लांब, एका खांबाआड उभ्या होत्या. त्यांच्या हातात फोन होता, नुकताच चालू केलेला.

“पोलिसांना लावला नाहीत ना?” बाईंनी धापा टाकत विचारलं.

“लावतच होते. डॉक्टर, मला भूक लागली होती. मी डबा उघडला, तर आतून माझ्याकडे बघून कुणीतरी डोळा मारला.”

“ते आमचं यंत्र आहे.”

“मग वर काय गेलं?”

“तुमचं जेवण,” बाई म्हणाल्या. आता लपवण्यात अर्थ नव्हता आणि लपवण्याइतकं त्राणही नव्हतं. “कोंबडी, मॅकरोनी, सगळं. चूक आमची आहे. मी डब्यावर साधं नावही लिहून घेतलं नाही.”

ब्रँचबाई टेबलापाशी येऊन बसल्या. टपरीवरून त्यांनी शेंगांच्या तीन पुड्या घेतल्या आणि दोन पुढे सरकवल्या. “मी इथे आहे हे तुम्हाला कसं कळलं?”

केझायानं फोन पुढे धरला. “हा तुमचा रस्ता. इथे सिग्नलला थांबलात. इथे पूल. आणि इथून पुढे तुमचा वेग...”

“तो अहवालात नको,” ब्रँचबाई म्हणाल्या.

“नाही, मॅडम.”

“पण यंत्र वर नाही, हे कुणाच्या लक्षात आलं?”

“माझ्या. दाब बदलतच नव्हता.”

“आणि तुमचे अध्यक्ष काय म्हणत होते?”

केझायानं लुव्हीनियाबाईंकडे पाहिलं. बाई शेंग सोलत राहिल्या. “ते म्हणत होते, यंत्र घारीसारखं तरंगतंय,” केझाया म्हणाली.

“सगळ्यांसमोर? माइकवर? आणि तू उभी राहून नाही म्हणालीस?”

“आकडा तसा होता, मॅडम. मी काय करणार?”

ब्रँचबाई हसल्या नाहीत. त्यांनी शेंगेचं खारट पाणी बोटांवरून पुसलं आणि लुव्हीनियाबाईंना म्हणाल्या, “मीही अशाच एका छोट्या कॉलेजातली. आम्ही पुस्तकातलं सगळं पाठ म्हणायचो. आमच्या अध्यक्षांनी दगड तरंगतो म्हटलं असतं, तर मी तसं वहीत उतरवून घेतलं असतं.” एवढं बोलून त्यांनी गाडीची किल्ली उचलली. “निर्णय समितीचा असतो. मी काही वचन देत नाही. पण मी जे पाहिलं ते लिहीन. डबा तुमच्याजवळच ठेवा.”

परतीच्या वाटेवर मिस ओझेलांचा फोन आला. पॅराशूटवर लिहिलेल्या कॉलेजच्या नंबरावर उत्तरेकडच्या एका गुराख्यानं फोन केला होता. त्याच्या तळ्याकाठी आकाशातून जेवण पडलं होतं. त्यानं आधी बायकोला बोलावलं, मग पाद्रीबुवांना, आणि तिघांनी मिळून ते खाल्लं.

“कोंबडी बर्फासारखी गार होती म्हणे,” मिस ओझेला दुखावून म्हणाल्या. “त्याला सांगितलं, माझी कोंबडी तशी खायची नसते. रविवारी इकडे ये, गरम वाढते.”

जूनमध्ये निकाल आला. अनुदान आणखी तीन वर्षं चालू राहणार होतं. भौतिकशास्त्राच्या खोल्या भौतिकशास्त्राकडेच राहिल्या. केझाया प्रयोगशाळेत टेबलावर चढून नाचली. लुव्हीनियाबाईंना आनंद झाला, म्हणजे झालाच असणार. पण त्या खुर्चीत बसल्या आणि बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागला.

मोब्लीसाहेबांनी येऊन त्यांना जागं केलं. ते नुसते फुलले होते.

“डॉक्टर, पुढच्या वेळी आपण मोठा फुगा आणू. मी विश्वस्तांना शब्द दिलाय. त्या वेळी माझा फोटो वर पाठवायचा. चौकटीसकट.”

लुव्हीनियाबाईंनी चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि साहेबांना डोक्यापासून पायापर्यंत नीट न्याहाळलं.

“फोटोच कशाला, साहेब,” त्या म्हणाल्या. “वजन किती तुमचं?”