आवळलेला व्हॉल्व्ह

सुंदराच्या सायकलची हवा नेमकी हरेशच्या पंक्चरच्या दुकानाजवळच कशी जाते, हा प्रश्न तिच्या नवऱ्याला, पोपटला, जेवू देत नव्हता. सुंदरा चौक गावाजवळच्या एका फार्महाऊसवर स्वयंपाकाला जायची. दिवसाआड यायला उशीर व्हायचा आणि कारण ठरलेलं असायचं.

"चाकाचा वाल ढिला व्हता. हरेशभावजींनी आवळून दिला."

"मी काय मेलोय? मला नाय आवळता येत?"

"मागं तुमी पंपच मोडलावता."

हरेश पन्नाशीचा, एकटा जीव, आणि केस अजून काळेभोर. पोपटचं डोकं लग्नानंतर लगेचच उजाड झालं होतं. रविवारी त्यानं पक्कड घेतली आणि हरेशची मानगूट हाती आल्यासारखा व्हॉल्व्हचा नट आवळला. वर थुंकी लावून बुडबुडा येतो का तेही पाहिलं. एकही आला नाही.

सोमवारी सुंदरा वेळेवर घरी आली. मंगळवारीही आली. पोपट खुशीत होता. स्वयंपाकघरात भांडी मात्र जरा जास्तच आपटत होती.

"काय झालं गं?"

"कुठं काय? लवकर आले ना? मग चा करते."

बुधवारी दिवस मावळायला आला तरी तिचा पत्ता नव्हता. पोपटनं चपला घातल्या, शेजारच्या मनोजचा टेंपो थांबवला आणि दात आवळून थेट हरेशच्या दुकानापुढे उतरला.

सुंदरा बाकावर मांडी घालून शेंगा सोलत होती. हरेश घमेल्यातल्या पाण्यावर वाकला होता. त्यानं ओली ट्यूब वर उचलली.

"दादा, हा नट कोनी आवळला?"

"मी," पोपट छाती काढून म्हणाला.

"मंग दोघांनी मिळून ट्यूब मारलीत. तुमी असा आवळलात की वहिनींना हातानं सुटंना. त्यांनी फार्महाऊसवरची पक्कड लावली. वाल मुळासकट फिरला."

पोपट बायकोकडे वळला. "सुटंना म्हंजे? तू कशाला सोडवत व्हतीस?"

सुंदरानं हातातली शेंग आधी पुरी सोलली.

"वाल चांगलाच व्हता. अलीकडच्या वळणावर थांबून मीच ढिला करायचे. घरी येळेवर आलं की चा, मंग म्हस, मंग आईंचे पाय चेपा, मंग जेवान. हितं भावजी ट्यूब बघत बसतात. घटकाभर मला कोन हाक मारत नाय."

पोपटनं हरेशकडे पाहिलं. तो पाठमोरा होऊन नवी ट्यूब शोधत होता. मागे कोण बसलंय याचं त्याला सोयरसुतक नव्हतं. बाकावर वडाची सावली होती, वारा होता. पोपटला हरेशचा हेवा वाटायचा थांबला, आणि बाकाचा वाटायला लागला.

तो खाकरला. सुंदरा जराशी सरकली. तो बसल्यावर तिनं मूठभर शेंगा त्याच्या हातावर ठेवल्या. समोरून ट्रक जात राहिले.

हरेशनं नवी ट्यूब घातली, नट नुसत्या बोटांनी आवळला, हवा भरली. "झाली. न्या."

दोघांपैकी कुणीच उठलं नाही. हरेशनं हात पुसले.

"दादा, घरी तुमची बी येगळी सायकल हाय. तिची हवा बरी हाय ना?"

पोपटनं एक दाणा तोंडात टाकला.

"आजच्या दिवस हाय," तो म्हणाला.