न्हाणीघरावरची डिश

गावच्या घरी इंटरनेट उपग्रहावरून, थेट आभाळातून आणायचं, असं हितेंद्रने ठरवलं आणि मुंबईत भोईवाड्यातल्या त्याच्या खोलीत कुणाला काही कळेनासं झालं. कारण साधं होतं. गणपतीची रजा मागितली तर साहेब म्हणाले, खुशाल जा, पण रोज दहाच्या मीटिंगला तुझं तोंड स्क्रीनवर दिसलं पाहिजे. आता गावच्या वाडीत तोंड दाखवणं सोडाच, नुसतं हॅलो म्हणायलाही तिथे राहणाऱ्या धोंडूकाकांना घरामागचा सडा, म्हणजे कातळाचं उघडं पठार, चढून एका ठरावीक कातळावर उभं राहावं लागे.

आणि या वर्षी जायलाच हवं होतं. गेल्या गणपतीत मुंबईहून कोणीच गेलं नाही. एवढ्या मोठ्या घराण्याच्या गणपतीपुढे आरतीला काका आणि काकी, दोघंच. काका एका हाताने ओवाळत होते, दुसऱ्याने घंटा वाजवत होते, झांज धरायला माणूस नव्हता. हे ऐकल्यापासून हितेंद्रची आई अंबिकाबाई मधूनच डोळ्यांना पदर लावी. हितेंद्रलाही फार वाईट वाटलं होतं.

इंटरनेट कंपनीच्या प्लॅनांनी मात्र त्याचं डोकं पिकवलं. एका प्लॅनमध्ये डिश घरावर कायमची बसायची, दुसऱ्यात ती कुठेही फिरवता यायची. बायको मेघना म्हणाली, "डिश कशाला फिरवायची? आधी आपल्याला कुठे फिरायला मिळतंय ते बघ." शेवटी बसणारी ठरली. मग कंपनीच्या मुलीने विचारलं, घरावर आकाश मोकळं आहे का? हितेंद्रने तो प्रश्न सड्यावर पाठवला.

"आभाळ मोकळाच असता रे," काका बुचकळ्यात पडून म्हणाले. "तेका कोण अडवतलो?"

फणस अडवत होता, आंबाही अडवत होता. शोधता शोधता मोकळी सापडली ती परसातल्या न्हाणीघराची स्लॅब. डिश तिथे चढली. बसवायला आलेल्या माणसाला बाजूला उभं करून काकांनी आधी नारळ ठेवला, जागेच्या राखणदार देवाला रीतसर गाऱ्हाणं घातलं, आणि मगच वायर जोडू दिली.

पहिला व्हिडिओ कॉल लागला तेव्हा भोईवाड्यातली खोली नातेवाइकांनी भरली होती. चित्र असं स्वच्छ की काकांच्या कानातले केससुद्धा मोजून घ्यावेत. लालबागचा चुलतभाऊ स्वप्नील तर खूश झाला. म्हणाला, "एक नंबर रे भावा. मग आरती इथूनच बघू ना. कशाला उगाच धक्के खात जायचं?"

झालं. त्याने तिकिटं रद्द केली. ते ऐकून त्याच्या बहिणीने, आकांक्षाने केली. मेघनाने हिशेब मांडला, की मीटिंग इथून होते, आरती इथून दिसते, मग गावाला जायचं ते नक्की कशासाठी? जाता यावं म्हणून नेट आणलं आणि नेट आलं म्हणून कोणी जाईना, हे गणित हितेंद्रला काही केल्या सुटेना. सुटेना म्हणून त्यानेही तिकिटं रद्द केली. कॉलवर काकांना तसं सांगितलं तेव्हा काकांची नजर न्हाणीघराच्या स्लॅबकडे जी वळली ती हललीच नाही. हितेंद्रला वाटलं, चित्र अडकलं.

गणपती तोंडावर आले आणि नेट गेलं. कंपनीची मुलगी म्हणाली, डिशच्या वर काहीतरी आडवं आलंय. हितेंद्रने फांदी, माकडं, भूत, सगळं मनात धरून पाहिलं. सड्यावरून काकांचा फोन आला, "माका काय कळता त्यातला? तूच येवन बघ. येताना अंबिकावैनीक घेवन ये. मेघनाक पण."

तोच फोन स्वप्नीललाही गेला होता, शिडी धरायला माणूस नाही म्हणून. आकांक्षालाही गेला, काकीला मोबाईल शिकवायला कोणी नाही म्हणून. प्रत्येकाला वाटलं, आपल्यावाचून अडलंय. रेल्वेत जागा कुठली मिळायला? सगळे मिळेल त्या एसटीने, हाडं खिळखिळी करून घेत, चतुर्थीच्या आदल्या रात्री वाडीत पोचले आणि अंगणात एकमेकांकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी गणपती बसले. मीटिंगच्या आधी हितेंद्र घाईने स्लॅबवर चढला. डिशच्या चारही बाजूंना जांभ्या दगडाचे चिरे रचलेले, त्यावर चांगला जाड पत्रा. डिशला ओरखडाही येऊ नये इतकं बेताने केलेलं काम. शिडी काकांनीच धरली होती.

"काका, हे काय?"

"पाऊस लागता, म्हणान झाकलंय."

"अहो, ही पावसात चालणारीच आहे. तो माणूस सांगून गेला होता ना?"

"सांगान गेलो होतो," काका शांतपणे म्हणाले.

घरात कोणीतरी झांज वाजवून बघत होतं. एकाच्या हातून दुसरा ती ओढून घेत होता, आणि अंबिकाबाई मोठ्याने कोणाला तरी दटावत होत्या. हितेंद्र पत्रा हातात धरून तसाच उभा राहिला. त्याला लाज वाटली आणि हसूही आलं.

काकांनी खालूनच आवाज दिला, "धाच्या मीटिंगेक काढ. आरतीक परत घाल."

मीटिंग आटोपली. आरतीआधी हितेंद्र पुन्हा वर चढला, पत्रा नीट बसवला, आणि वाऱ्याने हलू नये म्हणून वर स्वतःचा एक चिरा ठेवून खाली आला.