तिसऱ्या घंटीच्या आत

फोन कसा घ्यावा हे मला कोणी शिकवू नये. एकतीस वर्षं मी एका मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर काढली. सहाशे चाळीस एक्स्टेन्शन, आणि एकही यादीत बघावं लागत नसे. शवागारापासून बाळंतिणींच्या वॉर्डापर्यंत मी कोणालाही कुठेही जोडून दिलं, आणि एकदाही उलटसुलट झालं नाही. माझा नियम एकच होता. फोन तिसऱ्या घंटीच्या आत उचलायचा. निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी माझ्याबद्दल तेवढंच एक वाक्य खरं सांगितलं. बाकीचं भाषण दुसऱ्या कोणाचं तरी होतं.

हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकलंत की म्हणाल, या गृहस्थाच्या हातात फोन दिला कोणी?

आमचे चिरंजीव वैमानिक आहेत. गल्लीत सगळे त्याला कॅप्टन म्हणतात. विमानात तो कॅप्टनच्या शेजारी बसतो, हे मी मुद्दाम कोणाला सांगायला जात नाही. त्याचं शिक्षण पुरं होईतो आमचं चार खोल्यांचं घर गेलं आणि आता आम्ही तिघं दोन खोल्यांत राहतो. त्याचं मला काही नाही. घर काय, झाडायला तरी कमी. पण मला वाटलं होतं, एकदा का पोरगं विमानात बसलं की सुटलं.

पूर्वी म्हणे वैमानिकाला न्यायला कंपनीची गाडी दाराशी यायची. याला गाडी तर नाहीच, कंपनीही नाही. मधे एक एजन्सी आहे. तिच्या कागदावर आमचा मुलगा हीच एक कंपनी. मालक तोच, नोकर तोच, आणि काम नसेल त्या दिवशी घरी बसवायचं कोणाला, तर तेही त्यालाच. गणवेश स्वतःचा, डॉक्टरी तपासणी स्वतःच्या खिशातून, आणि पैसे फक्त विमान हवेत असेल तेवढ्या तासांचे. चाकं जमिनीला टेकली की मीटर बंद.

उरलेल्यांतल्या बऱ्याच दिवसांना 'स्टँडबाय' म्हणतात. म्हणजे पहाटे चारपासून दुपारी तीनपर्यंत दाढी करून, गणवेश चढवून, फोन समोर ठेवून घरात बसायचं. फोन आला तर तासाभरात विमानतळावर हजर. नाही आला तर बूट काढायचे. पैसे नाहीत. गिऱ्हाईक नसलं तर न्हावीसुद्धा निदान पाय पसरून पेपर वाचतो. याला पाय पसरायचीही चोरी, पँटची इस्त्री मोडते.

त्या मंगळवारी तर माझा जीव मुठीत होता. वैमानिकाला नव्वद दिवसांत तीन वेळा तरी विमान उतरवावं लागतं. नाहीतर त्याला पुन्हा परीक्षा द्यावी लागते, खोट्या विमानात बसून, तीही स्वतःच्या खर्चाने. परीक्षा होईपर्यंत एजन्सी नाव यादीच्या तळाला टाकते. ह्याची दोन झाली होती. तिसरं गुरुवारच्या आत व्हायला हवं होतं, आणि तेवीस दिवसांत एकदाही फोन वाजला नव्हता.

साडेबारा वाजले. पोरगा खुर्चीतच झोपला होता. मान एका बाजूला, टाय दुसऱ्या बाजूला, मूठ फोनवर. लहानपणी तापात असाच झोपायचा. मला राहवलं नाही. मी हळूच त्याच्या मुठीतून फोन काढून घेतला. म्हटलं, घेऊ दे दहा मिनिटं डुलकी. फोन वाजला तर आपण आहोतच की! आपल्यासारखा माणूस शोधून सापडायचा नाही.

आणि फोन वाजला.

दुसऱ्या घंटीला मी तो उचलला.

"ड्युटी डेस्कवरून बोलतेय," एक बाई म्हणाल्या. "फर्स्ट ऑफिसर आहेत का? दोन चाळीसचं उड्डाण आहे."

मी बसल्या जागी ताठ झालो. पण आवाज कसा, अगदी बोर्डावरचा. "आहेत ना. लाईनवर राहा, उठवतो."

इथेच थांबायला हवं होतं. पण बोर्डावरची सवय अशी, की ताटकळलेल्या माणसाला मुकं ठेवायचं नाही. दोन शब्द मायेचे बोलायचे. तेवढाच त्याला आधार. म्हणून मी उठता उठता म्हणालो, "थकलाय हो पोरगा."

पलीकडे बटणांची टकटक चालू होती ती बंद पडली.

"थकलाय, असं म्हणालात?"

"मग काय. पहाटे तीनला उठून बसलाय बिचारा."

"काका, थकवा म्हटलं की मला नाव काढावं लागतं. नियम आहे. हा कॉल रेकॉर्ड होतो."

"अहो, तसलं थकणं नाही. आपण नाही का म्हणत, घरी, सहज..."

"यादीतल्या पुढच्यांना लावते," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

उचलली जीभ लावली टाळ्याला. मी पोराकडे पाहिलं. तो गाढ झोपेत होता. त्याला उठवून काय सांगणार होतो? तेवीस दिवसांनी आलेलं काम तुझ्या बापाने दोन शब्दांत घालवलं, हे? मी ठरवलं, तो उठायच्या आत हे निस्तरायचं. एकतीस वर्षांत कितीतरी चिडलेल्या माणसांना मी फोनवर गार केलं होतं. मी तोच नंबर परत लावला.

"मॅडम, मघाचाच बोलतोय. थकवाबिकवा काही नाही. जरा नाक चोंदलंय, म्हणून डोळे जड झालेत इतकंच."

नाक अजिबात चोंदलं नव्हतं. पण सर्दी म्हणजे किरकोळ, सर्दीला कोण विचारतो, असा माझा हिशोब.

"नाक चोंदलंय?" बाईंचा आवाज आणखी खाली गेला. "काका, तशात विमान चालवता येत नाही. कानावर दाब येतो. डॉक्टरांचा दाखला लागेल."

"चोंदलं होतं. काल. गोळी घेतली, आता साफ मोकळं."

"कोणती गोळी?"

"पिवळी."

"पिवळी म्हणजे?"

"बारीक असते बघा. घेतली की छान झोप लागते."

टकटक परत सुरू झाली आणि थांबेचना. बुडत्याचा पाय खोलात म्हणतात, तसं माझं झालं. मी तोंड उघडलं की पोराच्या नावापुढे एक नवा आजार लागत होता. माझा आवाज चढला असावा, कारण आमची ही हातातला झारा घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आली. हिचा आवाज शेजारच्या बिऱ्हाडालाच काय, वरच्या मजल्यालाही फोनशिवाय पुरतो.

"अहो, आजारी काय करताय त्याला? ठणठणीत आहे म्हणून सांगा! काल दुपारपासून रात्री अकरापर्यंत गोदामात खोकी उचलत होता. आजारी माणूस उचलेल का?"

"कुठलं गोदाम?"

हा प्रश्न फोनवरच्या बाईंनी आणि मी एकदमच विचारला.

हिने जीभ चावली. झारा तसाच हातात. मला सांगितलेलं असं होतं, की स्टँडबाय नसेल त्या दिवशी तो मित्राकडे अभ्यासाला जातो. मी गल्लीत सांगतही होतो, विमान चालवायचं म्हणजे जन्मभर अभ्यास. अभ्यास कसला, खोक्यांचा! आईला माहीत होतं. गल्लीलाही असेल. एक्स्टेन्शन पाठ असलेल्या माणसाला तेवढंच माहीत नव्हतं.

"काका," बाई हळू आवाजात म्हणाल्या, "ड्युटीच्या आधी दुसरं काम करून चालत नाही. मी हे ऐकलं नाही असं म्हटलं असतं. पण कॉल रेकॉर्ड होतो."

"मॅडम, त्याची चूक नाही. जीभ माझी आहे."

"मला कळतंय. मीही एजन्सीचीच आहे. मला कॉलमागे पैसे मिळतात, आणि तुमच्याशी बोलण्यात माझे चार कॉल गेले." एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. रागावल्या नव्हत्या, तेच जास्त लागलं.

पोरगा जागा झाला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या फोनकडे.

"किती घंट्या झाल्या?"

"दोन," मी म्हणालो.

"मग?"

मी सगळं सांगितलं. थकवा, नाक, पिवळी गोळी, सगळं. वाकून त्याने एक बूट काढला, मग दुसरा, आणि दोन्ही नीट जोडून भिंतीशी ठेवले. ओरडला असता तर बरं झालं असतं. मी तोवर ओरडा खायची तयारी करून ठेवली होती.

पाच मिनिटांत त्याच्या फोनवर एक अर्ज आला. वर लिहिलं होतं, थकवा अहवाल. खाली मी बोललेलं सगळं टाईप केलेलं, गोळीच्या रंगासकट. सगळ्यात शेवटी प्रश्न होता, 'ड्युटीसाठी आपण थकलेले होतात का?' पुढे हो आणि नाही.

"नाही कर," मी म्हणालो. "लिही, वडिलांचं वय झालंय, त्यांना भ्रम होतो. काहीही बरळतात. मी खाली सही करतो. डॉक्टरांचा दाखला हवा तर तोही आणतो, इस्पितळात ओळखी आहेत माझ्या."

तेव्हा तो हसला. त्या दिवसातलं पहिलं हसू ते. "बाबा, नाकाचं खोटं होतं. गोळीचं खोटं होतं. पहिलं वाक्य खरं आहे ना पण."

"तू गेला असतास."

"गेलो असतो. दोन चाळीसला बरोबर सीटवर असतो. आमच्यात कोणी नाही म्हणतच नाही. नाही म्हटलं की पुढच्या वेळी फोन दुसऱ्याला." तो थोडा वेळ टायशी खेळला. "मागच्या खेपेला उतरताना कॅप्टननी मला उंचीचा आकडा विचारला. तीनदा. मला ऐकूच आला नाही. डोळे उघडे होते, बाबा. खाली आल्यावर मला वाटलं, आता झापणार. तर ते म्हणाले, झोप झाली नाही ना? माझीही नाही झाली."

ही तिथेच स्टुलावर बसली. तिसरं उतरणं गुरुवारच्या आत व्हावं म्हणून तेवीस दिवस मी देव पाण्यात ठेवले होते. त्या विमानात मागे माणसं बसलेली असतात, हे त्या तेवीस दिवसांत माझ्या एकदाही डोक्यात आलं नव्हतं. मला रडू आलं. लपवायला जागाही नव्हती, दोनच खोल्या.

त्याने 'हो' वर बोट टेकवलं.

गुरुवार आला आणि गेला. सोमवारी एजन्सीचा संदेश आला. 'सध्या आपल्यासाठी काम उपलब्ध नाही. पुढील वाटचालीस शुभेच्छा.' थकव्याचा उल्लेखसुद्धा नव्हता. एवढ्याशा अक्षरांत एवढं शिक्षण कसं मावलं कोण जाणे. ते त्याने एकदा वाचलं, गणवेश धुवून इस्त्री केला आणि पिशवीत घालून कपाटात टांगला. आजही दर रविवारी तो दुसऱ्या विमान कंपन्यांचे अर्ज भरतो. अर्जात 'अनुभव' असा रकाना असतो, तिथे त्याचं बोट अडतं. मी बाजूला बसतो आणि तोंड बंद ठेवतो.

गोदामात त्याला तीन महिन्यांनी कायम केलं. आठवड्याला एक सुट्टी आहे, आजारपणाची रजा आहे. गल्लीतले अजून कॅप्टन म्हणून हाक मारतात. आधी तो मागे वळून बघायचा. आता नुसता हात वर करतो.

मी मात्र शपथ घेतली होती, त्याच्या फोनला हात लावायचा नाही. परवा दुपारी तो कॉटवर आडवा झाला होता आणि फोन टेबलावर वाजायला लागला. पहिली घंटी. दुसरी. तिसरी. माझे हात मी मांडीखाली दाबून बसलो होतो. पाचव्या घंटीला ही म्हणाली, "अहो, घ्या आता. नाहीतर जागा होईल तो." सातव्या घंटीला मी उचलला. आयुष्यात पहिल्यांदा इतका उशीर.

गोदामातला मुकादम होता. "आहे का हो तो? संध्याकाळच्या पाळीला एक माणूस कमी पडतोय. येतो का विचारा जरा."

"लाईनवर राहा, उठवतो," मी म्हणालो, आणि मेली ही जीभ, पुढे गेलीच. "थकलाय हो पोरगा."

हिने कपाळाला हात लावला. मी डोळे मिटून त्या टकटकीची वाट बघत राहिलो.

"थकलाय? मग झोपू द्या की, काका," मुकादम म्हणाला. "बघतो मी दुसरं कोणी. उद्या येईलच तो."

त्याने फोन ठेवला. मी मात्र कानाला लावून तसाच उभा राहिलो. हेच वाक्य मला त्या मंगळवारी ऐकायचं होतं, ड्युटी डेस्कवरून.

"कोण होतं?" हिने विचारलं.

"राँग नंबर," मी म्हणालो.