दरवाजा तिकडं हाय

हिराजीकाका मोकळ्या मैदानात वाकून शिरतात. डोक्यावर आभाळाखेरीज काही नसतं, तरी ठरलेल्या जागी मान खाली घालतात, दोन पावलं टाकतात आणि मग ताठ होतात. तिथे ठेंगण्या दाराची जुनी सराई होती. ती पडली तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता.

मैदानाला लागूनच माझं घर, त्यामुळे मी रोज बोलणी खातो. शिफ्टला उशीर झाला म्हणून तिरका निघालो, की काका ओरडणारच, "अरं, भिंतीतून काय चालतोस? दरवाजा तिकडं हाय." आधी हसायचो. आता निमूट वळसा घालतो आणि, खरं सांगायचं तर, दारापाशी थोडा वाकतोसुद्धा.

काका जन्मभर कापडाचे लूम दुरुस्त करत आले. कान त्यातच अर्धे गेले. भिवंडीत लूमच्या खडखडाटात बोलणं ऐकू जात नाही, म्हणून कारखान्यातली माणसं हातांनी बोलतात. माझी आईही लूमवर होती. ती भाषा मी घरातली भांडणं बघून शिकलो.

यंदा ही सराई जुन्या फोटोवरून हुबेहूब पुन्हा बांधायचं ठरलं. हरकती ऐकायला मैदानातच मांडव पडला. विरोध तर सगळ्यांचाच होता. कुणाला टेम्पो लावायला जागा हवी, कुणाला मुलीच्या लग्नाला. पालिकेचे साहेब लिहून घेत होते. शेवटी काकांचं नाव मोठ्यानं पुकारलं. काका उठून मांडवाबाहेर गेले आणि त्यांच्या त्या दारातून वाकून परत आले. लोक खो खो हसले, मीही हसलो.

"बांधू नका," काका म्हणाले. "भिंत उभी केली तं ती मला दिसणार न्हाय."

"कोण?" साहेबांनी आवाज चढवून विचारलं.

"जमना. माझी बायको. सराईच्या माडीवर सुताच्या कांड्या भरायची. मी समोरच्या कारखान्यात. एक वाजला का खिडकीत यायची, जेवाया चल म्हनून हात करायची. त्या दिवशी मीपन हातानंच सांगितलं, थांब, धागा जोडतो. जोडून वर बघतो तं खिडकी न्हाय, माडी न्हाय. लूम चालू व्हते. पडल्याचा आवाजपन आला न्हाय मला." काकांनी मांडवाबाहेर बोट केलं. "थांब म्हनलेलं ना मी. म्हनून थांबलीय."

मघाशी हसल्याची मला लाज वाटली.

साहेब हळूच म्हणाले, "काका, होती तिथंच खिडकी ठेवू."

काकांना ऐकू गेलं नाही. मी पुढे होऊन हातांनी सांगितलं.

"रिकामी?" काकांनी विचारलं.

साहेबांनी पेन खाली ठेवलं.

एक वाजला. काका मांडवाबाहेर गेले, वर हवेत बघितलं आणि हात हलवले. ती खूण मला वाचता येते. 'झालंच. आलो.' मग ते वर बघतच राहिले, समोरचं माणूस बोलत असताना बघावं तसे. थोड्या वेळानं मान डोलावून गालात हसले. वर काहीच नव्हतं. मी दोनदा बघितलं.

माणसं उठली. मैदान चारी बाजूंनी मोकळं, पण कुणी तिरकं गेलं नाही. सगळे रांगेनं त्या एकाच जागेवरून, वाकून बाहेर पडले. साहेब उंच होते, ते जरा जास्तच वाकले.