साडेसहा फॅटचा गळा

टीव्हीवर गाण्याची स्पर्धा लागली की मन्मथअप्पा टीव्हीकडे पाठ करून बसत.

रुसून नव्हे, मुद्दाम. टीव्हीच्या अगदी शेजारी त्यांची लोखंडी खुर्ची, आणि खुर्चीचं तोंड आमच्याकडे. आम्ही गल्लीतली माणसं त्यांच्या ओसरीत सतरंजीवर बसून टीव्ही बघायचो आणि ओघानंच अप्पांचा चेहराही बघायचो. पडद्यावर एखादी मुलगी गाते आहे, तिच्या डोक्यावर निळे-जांभळे दिवे गरगरताहेत, आणि बाजूला कपाळावर भस्माचे पट्टे ओढलेले अप्पा हनुवटीला हात लावून समोर डोळे रोखून बसलेत. बाहेरगावच्या पाहुण्याला पहिल्यांदा कळायचंच नाही की कार्यक्रम नेमका कोणता चाललाय.

"अप्पा, तिकडं बगा की. पोरगी लई नटलीय," असं कुणी म्हटलं की ठरलेलं उत्तर यायचं.

"तोंड बगून फॅट लागत न्हाई."

अप्पा आमच्या गावच्या दूध संस्थेत टेस्टर. गाव वडवणीहून थोडं आत. मी त्याच संस्थेचा सेक्रेटरी, म्हणजे कागदोपत्री अप्पांचा साहेब, हे लिहितानासुद्धा मला ओशाळल्यासारखं होतं. दुधात फॅट किती आणि पाणी किती हे अप्पा सांगणार आणि गाव ते ऐकणार. पण गावात कोण कुणाचा पाहुणा नाही? म्हणून अप्पांनी स्वतःच एक रीत पाडली होती. नमुन्याच्या बाटलीवर फक्त नंबर टाकायचा, बाटल्या मागच्या खोलीत खिडकीतून सरकवायच्या, आणि अप्पा आत भिंतीकडे तोंड करून बसणार. बाहेर रांगेत चेअरमन आहे की गुराखी, त्यांना दिसायचं नाही.

एकदा आतून आरोळी आली, "बाविसाला पानी हाय!"

बावीस नंबर अप्पांच्याच घरचा. अप्पांची बायको, सुगलाबाई काकू, किटली घेऊन रांगेतच उभ्या होत्या. अख्खी रांग त्यांच्याकडे वळून बघायला लागली. काकू खिडकीशी जाऊन म्हणाल्या, "किटली इसळून तशीच धार काढली आसंल, म्हनून चार मान्सांत वरडायचं व्हय?"

अप्पांनी मान न वळवता उत्तर दिलं, "नंबर बोलला. मी न्हाई बोललो."

त्या आठवड्यात अप्पा चहाला माझ्या घरी येत होते.

गाण्याचं वेड लागलं ते दुष्काळात. त्या साली आमच्याकडे पाऊस फिरकलाच नाही. निम्मी जनावरं चारा छावणीत गेली, उरलेल्यांचं दूध आटलं, आणि संस्थेनं संध्याकाळचं संकलन बंद केलं. सगळ्या गावाला संध्याकाळ मोकळी पडली. टँकर आला का, उद्या येणार का, एवढं बोलून झालं की बोलायलाही काही उरायचं नाही. अप्पांच्या घरी टीव्ही होता, वीज गेली तर बॅटरी होती. जेवणवेळेला गाण्याची स्पर्धा लागायची. आम्ही जमायला लागलो.

अप्पांना सूर-ताल कशाशी खातात ते ठाऊक नव्हतं, पण दूध ठाऊक होतं. पातळ, गोड आवाजाची मुलगी असली की "गाय हाय." भरदार, खालच्या पट्टीतला गळा म्हणजे "म्हैस." प्रत्येक ओळीच्या शेवटी आवाज थरथरवणारे बरेच असत, ते सगळे "शेळी." शिकवणी न लागलेला, रानातून उचलून आणल्यासारखा आवाज "निरसं." आणि पुण्याकडचा एक मुलगा होता, तासून-घासून गुळगुळीत गाणारा, एकही सूर इकडचा तिकडे न होऊ देणारा. त्याला अप्पांनी पहिल्याच दिवशी नाव ठेवलं, "पावडर." का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "दिसायला दूध. तापवून बगा, साय धरत न्हाई."

मग आकडा. "साडेतीन." "पाच." क्वचित कधीतरी "साडेसहा!" साडेसहा म्हणताना अप्पांचा चेहरा उजळायचा. आणि गंमत म्हणजे कधी हा आकडा गाण्याच्या मध्येच यायचा, कधी गाणं संपून टाळ्या पडल्या तरी अप्पा गप्पच. हे गणित मला उलगडत नव्हतं. मी तसा चौकस माणूस. अप्पांच्या भुवया, बोटं, श्वास, सगळं बघून झालं. शेवटी विचारलं, "अप्पा, तुमचा कान कुठं तयार झाला?"

"कानाचं काय काम त्यात?" अप्पा म्हणाले. मला तो विनय वाटला.

स्पर्धेच्या दिवशी एक-दोघांना तरी अप्पा जेवायला थांबवून घेत. बहुतेक वेळा मी असे. पिठलं, ठेचा आणि ज्वारीची भाकर. भाकरी मात्र हमखास एखादी करपलेली. काकूंच्या हातची भाकर गावात वाखाणलेली, तरी असं का व्हावं? अप्पा ती काळी भाकर आपल्या ताटात ओढून घ्यायचे, कुरकुरीत पापडासारखी मोडायचे आणि म्हणायचे, "आज लई भारी झालंय." मला वाटायचं, असते एखाद्याची आवड.

त्या वर्षीच्या स्पर्धेत वडवणीकडची एक मुलगी निवडली गेली आणि आमच्या ओसरीत जागा पुरेनाशी झाली. सगळे तिला "आपली पोरगी" म्हणायचे. आवाज मोकळा, शेताच्या या बांधावरून त्या बांधाला हाक जावी तसा. परीक्षक तिघं होते. एकाच्या अंगात चकचकीत कोट, एक बाई गाणं सुरू झालं की डोळे टिपायच्या, आणि तिसरा वारंवार खुर्चीवर उभा राहायचा. आपली पोरगी गायली की कोटवाला म्हणायचा, "तुझ्या आवाजाला मातीचा सुगंध आहे." आणि दर वेळी तिला ढोलकीचंच गाणं द्यायचे. एकदा तिनं हट्टानं एक हळुवार गाणं घेतलं, तर म्हणाले, "छान, पण हा तुझा बाज नाही."

बब्रुवान किराणावाला सतरंजीवरून उठलाच. "कावून बे? आमच्या पोरीनं जलमभर ढोलकीवरच वरडायचं व्हय?"

"म्हशीला गाईचं माप लावायलेत," अप्पा म्हणाले. पावडर मुलाचं गाणं सुरू व्हायच्या आधीच कोटवाल्यानं डोळे मिटून मान डोलवायला सुरुवात केल्याचं कुणीतरी त्यांना सांगितलं, तेव्हा तर ते खुर्चीतून अर्धे उठले. "बाटली उगडायच्या आदीच फॅट सांगायला ह्यो! आपल्या संस्थेत आसता तर बंद केला आसता मी ह्याला."

आम्ही सगळे पक्षपातावर तावातावानं बोलत होतो. मीही बोलत होतो. आणि घरी जाऊन माझ्या फोनवरून, बायकोच्या फोनवरून, मेव्हणा आला असेल तर त्याच्याही फोनवरून त्या मुलीला मतं धाडत होतो. ती कशी गाते हे मी कधी नीट ऐकलंच नव्हतं. आमच्या तालुक्याची होती, तेवढं पुरेसं होतं. टीव्हीकडे पाठ केलेल्या अप्पांच्या त्या खुर्चीपुढे बसताना मला मनातून लाज वाटायची. गावात खरा परीक्षक एकच, असं वाटायचं.

ऊन वाढत गेलं तसे अप्पांचे आकडे उतरायला लागले. साडेसहा तर ऐकूच येईना. पाचाचे चार झाले, चाराचे तीन, आणि मग एकच शब्द उरला, "पानी." पावडर, शेळी, गाय, सगळ्यांना पानी. "च्यानलवालेच मिसळायलेत काहीतरी," असं म्हणून अप्पा टीव्हीचा आवाज वाढवायचे. पुढच्या खेपेला आणखी वाढवायचे. पलीकडच्या गल्लीतून तक्रार आली. मला वाटलं, दुष्काळ माणसाच्या जिभेवर उतरलाय.

काकूही बदलल्यासारख्या वाटत होत्या. पूर्वी मी मान न वळवता "काकू, चहा!" म्हणायचो आणि आतून "आनते रे" यायचं. आता उत्तरच येईना. रोज एवढा गोतावळा, घागरभर पाण्यात सगळं भागवायचं; वैतागल्या असतील बिचाऱ्या, असं मी ठरवून टाकलं. चहा मागणं बंद केलं. येणं मात्र बंद केलं नाही. भाकरी तेवढ्या अलीकडे एकसारख्या उतरत होत्या. चंद्रासारख्या गोल, आणि चंद्रावरचा डागही नाही. अप्पा त्या मुकाट्यानं खायचे.

शेवटच्या फेरीच्या दिवशी ओसरीत मुंगी शिरायला वाव नव्हता. आपली पोरगी शेवटच्या तिघांत. ढोलकीवाले तयार बसलेले, तिनं त्यांना हातानं थांबवलं आणि कसल्याही साथीशिवाय गायला लागली. लेकीला सासरी धाडून रिकाम्या अंगणात उभ्या राहिलेल्या आईचं गाणं होतं. आवाज एवढा खाली, की आम्ही श्वास धरून ऐकत होतो. बब्रुवान उपरण्यानं डोळे पुसत होता. पहिल्यांदाच मी ती आमच्या तालुक्याची आहे हे विसरून ऐकलं.

अप्पा मात्र पुढे झुकले होते. डोळे ताठ समोर. गाणं संपत आलं तसा त्यांचा चेहरा उतरत गेला, आणि शेवटचा सूर विरायच्या आत ते म्हणाले, "पानी."

"काय म्हनलात?" बब्रुवान ओरडला. "अप्पा, आपल्याच लेकराला पानी? ममईवाल्यांनी काय घरी येऊन टोपी घातली का तुमाला?"

"परीक्षक परवडला, पन ह्यो म्हातारा नगं," कुणीतरी म्हणालं. माणसं उठली, चपला शोधत, बडबडत निघून गेली. निकालालाही कुणी थांबलं नाही. मीही रागात होतो, पण साहेब म्हणून दोन शब्द सुनवावेत या विचारानं मागे राहिलो. अप्पा बॅटरीची वायर चाचपायला कोपऱ्यात गेले होते. मी टेकलो ते नकळत त्यांच्याच खुर्चीवर.

आणि त्या खुर्चीवरून काय दिसतं ते मला पहिल्यांदा दिसलं.

समोर रिकामी सतरंजी. सतरंजीच्या पलीकडे स्वयंपाकघराचं दार. दारातून सरळ चूल, आणि चुलीपुढे काकू. आम्ही सगळे इतके दिवस त्या दाराकडे पाठ करून बसत होतो. टीव्हीवर त्या मुलीच्या गाण्याचा तुकडा पुन्हा दाखवत होते, आवाज खिडक्या थरथरतील इतका मोठा. काकूंचा हात परातीत भाकर थापत होता. थप, थप, थप. टीव्हीतल्या गाण्याशी त्या हाताचं काही देणंघेणं नव्हतं.

"दिसलं का?" अप्पा मागे येऊन उभे होते.

"पयलं हात थांबायचा तिचा. गानं चांगलं आसलं की हात परातीतच ऱ्हायचा आन् तव्यावरची भाकर करपायची. मला काय कळतंय गान्यातलं, सेक्रेटरी? माझं मशीन तितं हाय. ते दाकवंल त्यो आकडा मी सांगायचो."

"मग अलीकडं?"

"वाटलं, गानारेच पानी घालायलेत. मग वाटलं, आवाज कमी पडत आसंल." ते टीव्हीकडे न बघता म्हणाले, "पोरगी आज लई चांगली गायली. तुमी समदे कसे गप झालतात, त्यावरनं कळलं मला. वाटलं हुतं, आपल्याकडची हाय, हिच्या गान्याला तरी हात थांबंल."

"काकूंना विचारलंत का?"

"इचारायची छाती हुईना."

तेवढ्यात काकूंनी वर बघितलं आणि मोकळी ओसरी बघून, बहिरं माणूस बोलतं तशा मोठ्या आवाजात म्हणाल्या, "कावून गेले समदे? जेवायचं न्हाई का कुनाला?"

भाकरी नितळ पांढऱ्या होत्या. इतकी मी त्या घरची भाकर खाल्ली, आणि एकदाही मान वळवून मागं बघितलं नाही.

अप्पांनी काकूंना बीडला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. कानात घालायचं यंत्र मिळालं. काकूंना हाका ऐकू यायला लागल्या, टँकरचा भोंगा ऐकू यायला लागला. पण गाणं लावलं की त्या यंत्र काढून ठेवायच्या. "गानं न्हाई वो, भांडी घासल्यावानी वाजतंय," म्हणायच्या. अप्पांनी टीव्हीवर फडकं टाकलं ते टाकलंच. ती स्पर्धा कुणी जिंकली हे त्यांनी मला अजून विचारलेलं नाही.

पुढच्या साली जनावरं छावणीतून परतली, संस्थेचं संध्याकाळचं संकलन पुन्हा सुरू झालं. एकदा दिवेलागणीनंतर संस्थेच्या काही कामासाठी मी अप्पांकडे गेलो. ओसरीत कुणी नव्हतं. टीव्ही बंद. आणि आतून एक भयंकर आवाज येत होता. प्रत्येक ओळीच्या शेवटी थरथरणारा, धाप लागलेला, पट्टी सोडून भलतीकडे गेलेला. अप्पांच्याच भाषेत सांगायचं तर शेळी, आणि तीही आजारी.

मी दारापर्यंत गेलो. काकू चुलीपुढे बसल्या होत्या. यंत्र कोनाड्यात ठेवलेलं. अप्पा शेजारी उकिडवे बसून, त्यांच्या कानाला तोंड लावून भजन म्हणत होते.

मला थट्टा करायची नव्हती. पण तोंडून निघून गेलं, "अप्पा, किती लागलं?"

अप्पा दचकले, लाजले. मग काकूंच्या कानाशी वाकून म्हणाले, "सेक्रेटरी इचारतोय, किती लागलं?"

"पानी हाय!" काकू साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाल्या. "निव्वळ पानी!"

त्यांचा हात परातीत होता, पिठानं माखलेला, आणि हलत नव्हता. तव्यावरची भाकर काळी पडून धूर सोडायला लागली होती, आणि दोघांपैकी कुणाचंच तिकडं लक्ष नव्हतं.