कासमचाचांचा उसना वार

कासमचाचा नवीन माणसाला नाव विचारत नाहीत, वार विचारतात. जन्मवार. बँकेच्या खिडकीत, मासळीबाजारात, मयताला आलेल्या पाहुण्यालासुद्धा. आणि तो सांगता आला नाही, तर अशा नजरेने बघतात की आपण अंगात काही घालायला विसरलो की काय असं वाटावं.

मी रोह्याला नर्स आहे. बाळंतपणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे चाचांच्या लेखी तालुक्यात माझ्याइतकं महत्त्वाचं माणूस नाही. नदीपलीकडच्या अष्टमी गावाहून पूल ओलांडून ते रोज सकाळी दहाला हजर होतात आणि दवाखान्याच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसून ओरडतात, "सिस्टर, आज कोण उतरलं?"

"मुलगी. पावणेतीन किलो."

"वजन कोण विचारतंय? वार बोल."

"काल रात्री, शनिवारी."

"मग ती आमा! आईला जाऊन सांग."

आईला मी काहीही सांगत नाही. तिला आधीच पुष्कळ त्रास झालेला असतो.

अष्टमीतल्या घराघरातली पोरं आखातात गेली. चाचा त्यांच्या कितीतरी आधी बाहेर पडले आणि गेले ते घानाला. तिकडे कुमासी नावाच्या शहरात एका सिंधी शेठच्या कापडाच्या गोदामावर त्यांनी बावीस वर्षं काढली. मधल्या काळात आखात उघडलं, तिथे गेलेले भाऊ म्हणाले, इकडे ये. चाचा म्हणाले, "तिकडं सगळी अष्टमीच भेटणार. मग घर काय वाईट होतं?"

त्या देशात भाषा किती, हे चाचांच्या तब्येतीवर ठरतं. खोकला असला की पन्नास, बरं वाटत असलं की ऐंशी. तिथल्या जमातींची मात्र त्यांनी पक्की वर्गवारी केलेली आहे आणि ती इथेही लागू पडते, असं त्यांचं म्हणणं. फांटे म्हणजे आपले कोळी. दर्यावर जाणार आणि शेजारी बसलेल्याशीही वाऱ्यावर ओरडल्यासारखं बोलणार. गा लोकांच्या गावात राजधानी येऊन बसली, म्हणजे ते कंपन्या आल्यानंतरचे धाटाववाले. एवे नदीपलीकडचे, म्हणजे आपण अष्टमीकर. असांते स्वतःला सगळ्यांत शहाणे समजतात.

"ते आपल्यात कोण?" मी एकदा विचारलं.

"पेणवाले," चाचा म्हणाले. मी पेणची आहे.

ही वाराची भानगड असांते-फांट्यांची. मूल ज्या वारी जन्मतं त्या वाराचं नाव त्याला आपोआप लागतं. बाकीचं नाव घरचे मग सावकाश ठेवतात. शुक्रवारचा कोफी, शनिवारचा क्वामे. मी बुधवारची, म्हणून आकुआ. हे चाचांनी मला भर ओपीडीत जाहीर केलं. तेव्हापासून आमचा कंपाउंडर मला आकुआबाई म्हणतो आणि मी त्याच्या रजेच्या अर्जाला उशीर करते.

ज्यांना वार माहीत नसतो, त्यांचा चाचा काढून देतात. त्यांच्या खिशात शंभर वर्षांच्या कॅलेंडरचं एक कळकट पान असतं. त्या पानाने हमरापूरच्या दत्ता मूर्तिकाराचा संसार जवळजवळ मोडला. दत्ता लेकीच्या बाळंतपणासाठी आला होता. जन्मवार म्हणून पंचवीस वर्षं गुरुवारचा उपास करणारा माणूस. चाचांनी पान उघडलं, बोट फिरवलं आणि म्हणाले, "तू मंगळवारचा हायस."

दत्ता खूश झाला. गणपती घडवणारा माणूस आणि मंगळवारचा, आणखी काय पाहिजे? पण त्याची बायको धोरणी. ती म्हणाली, "म्हंजे पंचवीस वर्षांचे मंगळवार बुडाले तुमचे. आता धरा. आणि धरलेला गुरुवार सोडायचा नाय." आठवड्यातनं दोन दिवस मावरं, म्हणजे मासळी, बंद झाल्यावर दत्ता मला म्हणाला, "सिस्टर, या म्हाताऱ्याला आवरा. नायतर लेकीला पनवेलला नेतो."

याच्या उलट कातकरवाडीवरची बुधी आली तेव्हा चाचा बाकावरून उठून उभे राहिले. बुधीच्या बहिणी सोमी आणि शुक्री. "बघ सिस्टर, यांना म्हणतात माणसं!" असं म्हणून त्यांनी तिच्यासाठी नानकटाईचा पुडा आणला. बुधीने तो निमूट खाल्ला. बुधवारी जन्मल्याबद्दल नानकटाई मिळते, हे तिला पहिल्यांदाच कळलं.

"चाचा, तुमचा वार कुठला?" हे मी कितीतरी दिवस विचारलंच नव्हतं. विचारलं तेव्हा ते पहिल्यांदा अडखळले.

"शुक्रवार. म्हंजे... उसना हाय."

शाळेच्या दाखल्यावर एक जून. गुरुजींनी अर्ध्या वर्गाला एक जून वाटला होता. गोदामात पहिल्या दिवशी सगळ्यांनी वार विचारला, यांना सांगता येईना. हमाल हसायचे थांबले. वार नसलेला माणूस त्यांनी पाहिला नव्हता. शेवटी फाटकात जेवण विकणारी म्हातारी म्हणाली, आज शुक्रवारी आलास, तर शुक्रवारचाच. कोफी.

"आपला जुम्मा, म्हणून मी बी घेतला," चाचा म्हणाले. "पण खरा कुठला ते बघायचंय. जन्म आजोळचा, पेणचा. मोठी बहीण होती तिला विचारलं की म्हणायची, पाऊस होता. आता ती बी गेली. तू पेणची. बघ ना कुठं लिवलेलं असंल तर."

मी असल्या भानगडीत पडत नाही. पण पुढच्या महिन्यात माहेरी गेले होते, तेव्हा नगरपालिकेत जन्माच्या जुन्या नोंदी बघायला गेले. दोन तास धूळ खाल्ली. सापडलं. बापाचं नाव, आजोबांचं घर, "पुत्र", आणि तारीख.

दुसऱ्या दिवशी चाचांनी पान उघडलं. बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं.

"सोमवार," मीच म्हटलं.

"बावीस वर्षं जुम्म्याचा म्हणून मिरवलो. सोमवार म्हंजे कोजो."

"मग कोफीच राहा. कोण तपासायला येतंय?"

"तसं नाय. कोफी म्हणणारे तिकडं राहिले. इथं कासम म्हणणारी एक बहीण होती. आता अख्ख्या गावाचा चाचा, पोरांचा फोनवर अब्बा. नुसतं 'अरे' म्हणून हाक मारणारं कोण उरलंय, सांग."

आत एकीचं सलाईन संपत आलं होतं. मी गेले, बाटली बदलली, दुसरीचा बीपी घेतला. दीड वाजता बाहेर डोकावले तर हे बाकावर तसेच, ते पान मांडीवर घेऊन.

"अरे ए कोजो!" मी दारातूनच ओरडले. "जेवलास का? ऊठ, घरी जा आधी!"

ओपीडीतल्या सगळ्या बायका वळून बघायला लागल्या. सत्तरीच्या माणसाला सिस्टर अरे-तुरे करते म्हणून एकीने तोंडाला पदर लावला.

चाचा ताडकन उठले.

"आलो, आलो," म्हणाले, आणि घरी गेले.