तिसरा मजला खाली आला त्याची गोष्ट

सोमवारी सकाळी अर्थशास्त्र विभागाचा तिसरा मजला जिना उतरून खाली आला आणि सायकल स्टँडशेजारी बसला. दुसरा आणि चौथा मजला आपापल्या जागी होते. मधून वारा जात होता.

विभागप्रमुख निंभोरकर मॅडमना हे शिपाई गवळीमामांनी सांगितलं.

"कुणाच्या परवानगीनं?"

"ते नाही विचारलं मॅडम. वर्ग तेवढा झाडून घेतला."

एम.ए.ला तेजल उंबरकर म्हणून मुलगी होती, व्हीलचेअर वापरायची. वर्ग खाली भरवावा, असा तिनं जुलैमध्ये अर्ज केला होता. 'एका विद्यार्थिनीसाठी शक्य नाही' असा शेरा मारून मॅडमनी तो तिसऱ्या मजल्यावरच्या फलकावर लावला. मजल्यानं तो तीन महिने वाचला.

मॅडम दुष्ट नव्हत्या. तेजलच्या आईला त्यांनी अगदी जीव लावून सांगितलं होतं, "घरूनच अभ्यास करू दे हो तिला. कशाला दगदग?" तेजल तेव्हा शेजारीच होती.

आता त्या तडक कुलसचिवांकडे गेल्या. "मजल्यावर कारवाई करा."

कुलसचिवांनी फाईल चाळली. "मजला कामावर हजर आहे. जागा बदलल्याचं रीतसर कळवलंय."

"वेळापत्रकात तिसरा मजला लिहिलंय!"

"तो तिसराच आहे. फक्त खाली आहे."

मॅडमना हे पटलं नाही. तीन दिवस त्या जिना चढून गेल्या, मोकळ्या जागेकडे तोंड करून शिकवलं आणि चाळीसही जणांची गैरहजेरी मांडली. गुरुवारी त्यांनाच पत्र आलं: सलग तीन दिवस वर्गावर अनुपस्थित. बावीस वर्षांच्या नोकरीत असं कधी झालं नव्हतं. 

त्या खाली उतरल्या. वर्ग चालू होता. तेजल फळ्याजवळ मागणीची लवचिकता समजावत होती आणि मुलं लिहून घेत होती. मॅडम दारातच थांबल्या. मांडणी चोख होती.

"हे तुला कुणी शिकवलं?" पहिल्यांदाच त्या तिच्याशी बोलत होत्या.

"तुमच्या पुस्तकानं. वर येता येत नव्हतं, म्हणून तीनदा वाचलं. मॅडम, एकसष्टाव्या पानावरचं सूत्र चुकलंय."

मॅडमनी खुर्ची ओढली, तिच्याशेजारी बसल्या आणि चष्मा लावला.

"कुठं? दाखव."

तास लांबत गेला. अंधारून आलं तसं मजल्यानं आपणच दिवे लावले.